होडी आमची, क्लब त्यांचा : पुण्याच्या नदीचा न लिहिलेला इतिहास

कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत छताला एक जुनी लाकडी होडी उलटी टांगलेली आहे. आम्ही काही मित्र तिथे एका बैठकीसाठी गेलो होतो. एरवी अशा ठिकाणी आमचे पाय वळत नाहीत, पण बोलावणाऱ्याने जागा तीच ठरवली होती. चहाचे दर बघून गप्प झालो आणि वर बघत बसलो. होडीखाली पितळी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेले, 'विंटेज वुडन कनू'. होडी विकाऊ होती. किंमत आमच्यातल्या दोघांच्या महिन्याच्या पगाराएवढी.

एका आंब्याच्या खोडातून कोरून काढलेली ती होडी. आतल्या बाजूला वाकसाचे घाव अजून स्पष्ट दिसत होते. तळाला पत्र्याचे ठिगळ, खिळे गंजलेले. काठावर ठरावीक अंतरावर भोकांच्या जोड्या. आमच्यातला एक कार्यकर्ता मालवणकडचा. त्याने मान वर करून एकदाच पाहिले आणि म्हणाला, "ही उलांडीची भोकं आहेत." उलांडी म्हणजे अरुंद होडी कलंडू नये म्हणून आडव्या काठ्यांना बांधून बाजूला तरंगत ठेवलेले लाकूड. म्हणजे ही होडी कोकणातली, मासेमारीची. कोणाच्या तरी घराची चूल तिच्यावर पेटत होती.

आम्ही मॅनेजरला विचारले, कुठून आणली? डीलरकडून. डीलरने कुठून आणली? माहीत नाही. कोणी बनवली? तो हसला. त्याच्या दृष्टीने प्रश्नच विनोदी होता.

आमच्या दृष्टीने तो विनोदी नाही. हा लेख त्या हसण्यावर आहे.

अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात ओल्ड टाउन नावाचे गाव आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लाकडी होड्यांचा कारखाना चालला. त्या कारखान्याने प्रत्येक होडीला क्रमांक दिला आणि क्रमांकागणिक नोंद ठेवली. कोणते लाकूड, कोणता रंग, किती फूट लांब, कोणत्या तारखेला कोणाकडे रवाना. आज एखाद्याला आजोबांच्या पडवीत अशी होडी सापडली, तर तो टोकावर कोरलेला क्रमांक वाचतो आणि शंभर वर्षांपूर्वीची तिची जन्मकुंडली काढून घेतो. जुन्या होड्यांचा इतिहास शोधणे हा तिथे मोठा छंद आहे, त्यासाठी संघटना आहेत.

आता या कथेचा दुसरा भाग ऐका. ओल्ड टाउनच्या शेजारीच, नदीतल्या बेटावर, पेनॉबस्कॉट या आदिवासी राष्ट्राची वस्ती आहे. बर्च झाडाच्या सालीची हलकी होडी बनवण्याची विद्या ही त्यांची आणि त्यांच्यासारख्या आदिवासींची. कारखान्याने सालीच्या जागी कापड ताणले, आकार तोच ठेवला. क्रमांक कारखान्याच्या होडीला मिळाला. ज्यांच्या हातांनी तो आकार शेकडो वर्षे घडवला त्यांच्या होड्यांना क्रमांक नाही. 'कनू' हा शब्दसुद्धा चोरीचा माल आहे. तो कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा. १४९२ साली कोलंबस तिथे उतरला, शब्द घेतला, माणसे संपवली. काही दशकांत तो समाज जवळजवळ नष्ट झाला. शब्द मात्र आज कोरेगाव पार्कात पितळी पट्टीवर चमकतो आहे.

नोंद कोणाची ठेवली गेली, हा इतिहासातला पहिला प्रश्न आहे. आणि भारतात या प्रश्नाचे नाव जात आहे.

नायजेरियात १९८७ साली एका फुलानी गुराख्याला विहीर खोदताना जमिनीत खोल लाकूड लागले. ती होडी निघाली, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची. दुफुना होडी म्हणून ती आज ओळखली जाते आणि जगातल्या सर्वांत जुन्या होड्यांत तिची गणना होते. तेव्हा वेद नव्हते, स्मृती नव्हत्या, वर्ण नव्हते. पाणी होते, लाकूड होते आणि पलीकडे जायची गरज होती. पलीकडे जाण्याला जात आपल्याकडे चिकटवली गेली. कोणी आणि कशी, हे पाहायला फार लांब जायला नको.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चौतिसाव्या श्लोकात नाव चालवून जगणारा 'कैवर्त' संकरातून जन्मलेला ठरवला आहे. निषाद बाप, आयोगव आई. म्हणजे ज्याच्या हातात वल्हे आहे त्याचा जन्मच नासका, असा शिक्का. आता आठव्या अध्यायात या. तिथे तरीच्या भाड्याचे दरपत्रक आहे. गाडीला किती, ओझेवाल्याला किती, जनावराला आणि बाईला किती, रिकाम्या माणसाला किती, सगळे ठरलेले. मग माफीची यादी. दोन महिन्यांवरची गर्भवती, संन्यासी, वानप्रस्थी आणि ब्रह्मचारी ब्राह्मण यांच्याकडून भाडे घ्यायचे नाही. गर्भवतीला माफी असावी, आमची काहीच हरकत नाही. पण बाकीची यादी बघा. पुढच्याच श्लोकात, नावाड्याच्या चुकीने सामानाचे नुकसान झाले तर सगळ्या नावाड्यांनी मिळून भरून द्यायचे. दैवी आपत्तीत दंड नाही, एवढी सूट त्यानंतर दिली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. हिशेब मात्र सरळ आहे. वल्हे मारणारा हीन, नुकसान त्याच्या माथी, आणि पोथीवाला फुकट.

महाभारतातली सत्यवती यमुनेवर नाव चालवायची. कोळ्याच्या घरी वाढलेली मुलगी. तिला नावेत गाठणारा पराशर ऋषी ठरला, त्यातून झालेला मुलगा व्यास ठरला. आज गावोगाव व्यासपीठे आहेत. त्या नावेला कोणी पीठ बांधले नाही.

आता पुण्यात येऊ.

पुणे हे नद्यांचे शहर आहे, हे आज नदीकडे बघून पटत नाही. मुळा आणि मुठा यांचा संगम, पुढे मुळा-मुठा, तिच्यावर बंड गार्डनचा बंधारा. पुलांच्या आधी, आणि पूल झाल्यानंतरही पावसाळ्यात, माणसे नावेने, सांगडीने, पोहून पलीकडे जात. सांगड म्हणजे वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधलेला तराफा. कृष्णाकाठी तर गूळ उकळायची काहील पाण्यात सोडून तिच्यातून माणसे नेत. ही सगळी कामे भोई, कोळी आणि नदीकाठच्या इतर जातींची. शासनाच्या भटक्या जमाती 'ब' या यादीत 'भोई' या नोंदीखाली आजही झिंगा भोई, कहार, केवट, ढीवर अशी नावे आहेत आणि त्यांत 'नावाडी' हेही नाव आहे. धंदा गेला, पूल झाले, नदी गटार झाली. जातीच्या दाखल्यावर नाव मात्र उरली. हीच आपल्या समाजव्यवस्थेची करामत. वल्हे हातातून जाते, शिक्का जात नाही.

१८६८ हे साल लक्षात ठेवा, कारण या एका सालात पुण्याच्या पाण्यावर तीन गोष्टी घडल्या. त्या वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिलेल्या असल्यामुळे कोणी त्या शेजारी ठेवून बघत नाही.

पहिली, मुंबई सरकारने फेरीचा कायदा केला. सार्वजनिक तर सरकारच्या अखत्यारीत गेली. भाडे सरकार ठरवणार, ठेका सरकार देणार. वडिलोपार्जित घाटावर नाव लावणारा माणूस ठेकेदाराचा नोकर होण्याची वाट तिथून मोकळी झाली. दुसरी, छावणीतल्या गोऱ्या साहेबांसाठी बंड गार्डनजवळ बोट क्लब स्थापन झाला. पुढे तो रॉयल कॅनॉट बोट क्लब म्हणून प्रसिद्ध झाला. पुण्यातला बोट क्लब रोड त्याच्यामुळे. तिसरी, डेक्कन कॉलेज येरवड्याजवळ नदीकाठच्या आपल्या नव्या इमारतीत आले.

हे इंग्लंडच्या वाऱ्याबरोबर आले होते. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने 'रॉब रॉय' नावाची लहान होडी बांधून युरोपच्या नद्यांतून प्रवास केला, पुस्तक लिहिले, आणि १८६६ साली लंडनजवळ कनू क्लब निघाला. आदिवासींचे पोटाचे साधन तिथे सभ्य गृहस्थांचा खेळ झाले. दोन वर्षांत पुण्यात साहेबांचा क्लब. एकाच पात्रात एका घाटावर वल्हवणे हीन काम, आणि थोड्या अंतरावर तेच वल्हवणे खानदानी व्यायाम. लाकूड तेच, पाणी तेच, खांद्याचे दुखणेही तेच. फरक एवढाच की एकाला वल्हवल्याचे पैसे मिळतात म्हणून तो खालचा, आणि दुसरा वल्हवायला पैसे मोजतो म्हणून तो वरचा. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

१८७३ साली बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. त्यांची चरित्रे कौतुकाने सांगतात की, पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले. कुस्ती, पोहणे, होडी वल्हवणे. अभ्यासाचे एक वर्ष व्यायामावर खर्च करण्याची चैन त्या काळात कोणाला परवडत होती, हे चरित्रकार विचारत नाहीत. आम्ही टिळकांच्या व्यायामाची थट्टा करत नाही. शरीर कमावावेच. फक्त एवढेच दाखवतो की, ब्राह्मण तरुणाने वल्हे हातात घेतले तर तो चरित्रातला प्रसंग होतो. भोयाच्या पोराने घेतले तर ते त्याचे 'जातीचे काम'.

आणि नेमके त्याच १८७३ साली, त्याच पुण्यात, होडीचा पूर्णपणे वेगळा विचार एका माणसाने मांडला.

जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'त धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. त्यात दशावतारांची चिकित्सा आहे. फुले मत्स्य अवतारापासून सुरुवात करतात आणि देवाला सरळ होडीत बसवतात. बाहेरून आलेली पहिली टोळी लहान, माशासारख्या जलद चालणाऱ्या होड्यांतून किनाऱ्याला लागली, म्हणून तिच्या पुढाऱ्याला मत्स्य नाव पडले. पुढची टोळी मोठ्या, कासवासारख्या संथ होड्यांतून आली, म्हणून तो कच्छ. धर्मग्रंथातला चमत्कार फुल्यांनी वाहतुकीच्या प्रश्नात बदलला. अवतार म्हणजे कोणत्या साधनाने, कोण, कुठे आणि कशासाठी आले, याची नोंद. अशी कल्पना सुचायला नदी बघितलेला माणूस लागतो. फुले बांधकामाच्या साहित्याचे कंत्राटदारही होते. पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले. १८७६ पासून काही वर्षे ते नगरपालिकेत होते. पाणी कोणाच्या दारात पोहोचते आणि कोणाच्या नाही, हे त्यांनी कागदावर नाही, पेठेत बघितले होते. स्वतःच्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली. पुन्हा तेच साल. क्लब, कॉलेज आणि कायदा यांच्या इतिहासात हा चौथा प्रसंग कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्याच काही मित्रांकडून गफलत होते. आर्य बाहेरून आक्रमण करून आले हा सिद्धान्त बाबासाहेबांनी मान्य केला नाही. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी तो पुराव्यानिशी तपासला आणि नाकारला. आणि तोच ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. गुरूचा निष्कर्ष तपासायचा, गुरूची दृष्टी सोडायची नाही. फुल्यांच्या होड्या इतिहास म्हणून किती खऱ्या, यावर वाद घाला. पोथीला प्रश्न विचारण्याची रीत म्हणून त्या आजही पाण्यावर आहेत. व्हॉट्सॲपवर आलेले काहीही फॉरवर्ड करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा एवढा परिच्छेद दोनदा वाचावा.

बाबासाहेबांच्या चळवळीतही एक बोट आहे. डिसेंबर १९२७. महाडची दुसरी परिषद. मुंबईहून धरमतरमार्गे मोटारीने जाता आले असते, पण मोटारवाले आयत्या वेळी असहकार करतील ही धास्ती होती. बाबासाहेबांना हा अनुभव नवा नव्हता. १९०१ साली मसूर स्टेशनवर लहान भीमाला आणि बरोबरच्या मुलांना गाडीवाल्याने दुप्पट भाडे घेऊनही गाडीत शेजारी बसवले नव्हते. मुलांनीच गाडी हाकली, गाडीवाला बाजूने चालला. म्हणून २४ डिसेंबरला मंडळी 'पद्मावती' बोटीने निघाली. दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरली आणि तिथून पाच मैल चालत महाडला गेली. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. ज्या ग्रंथाने नावाड्याला संकराचा ठरवले होते तो ग्रंथ, बोटीने आलेल्या माणसांनी जाळला. हा योगायोग आहे हे आम्हालाही कळते. पण वाहन मिळणे न मिळणे हा जातीचा प्रश्न होता, हा योगायोग नव्हे. म्हणूनच १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात नदी, झरा, विहीर, तळे, घाट यांच्या वापराबरोबर सार्वजनिक वाहनाचाही उल्लेख आहे. आणि 'जागा' या शब्दाच्या व्याख्येत घर, इमारत, तंबू, वाहन यांच्यासोबत जहाज-होडीही आहे. आपल्या कायद्याने होडी विसरली नाही. आपण विसरलो.

महाडनंतर काही महिन्यांत, १९२८ साली, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब सुरू झाला. आजचे सीओईपी विद्यापीठ. त्यांचा 'रेगाटा' प्रसिद्ध आहे. संगमाजवळच्या पात्रात होड्यांच्या रचना होतात, कयाक नाचतात, शेवटी मशाली पेटतात. सुंदर असतो कार्यक्रम, आम्ही काठावरून पाहिला आहे. आज त्या होड्यांत आपली मुले-मुलीही बसतात. राखीव जागांनी, म्हणजे संविधानाने, त्यांना तिथवर नेले आहे, आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण १९२८ सालचे चित्र डोळ्यासमोर आणा. महाडला ओंजळभर पाणी घेतले म्हणून डोकी फुटून वर्ष झालेले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९२९ ला, याच पुण्यात पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दगड पडले. त्याच पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी तळे केले होते, मधल्या बेटावर गणपती, भोवती पाणी. आज त्याला सारसबाग म्हणतात. एकाच शहरात काहींसाठी पाणी विहाराचे होते आणि काहींसाठी मज्जावाचे. दोन्ही गोष्टी पुण्याचा इतिहास आहेत. शाळेच्या सहलीत एकच सांगतात.

आमच्यावर नेहमी एक आक्षेप येतो. भोई, कोळी हे कुठे अस्पृश्य होते? तुम्ही कशाला त्यांचे वकीलपत्र घेता? उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे, श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली बघायला कोणीतरी दिलेले असते, म्हणून तो वर बघून ओरडत नाही. नावाड्याला सांगितले गेले की तू महारापेक्षा बरा. तेवढ्यावर त्याने वल्हे मारत राहावे, ही योजना. आपण जर 'ते आपले नव्हेत' म्हणून त्यांचा इतिहास सोडून दिला, तर ती योजना आपल्याच हाताने पूर्ण होते. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतले आमचे मित्र आम्हाला टोचून विचारतात, तुमच्या लेखांत आम्ही फक्त यादीत येतो, मजकुरात कधी येणार? टोचणी रास्त आहे.

आता आजचे बोलू.

बोट क्लब रोड हा पुण्यातल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक. तिथून जवळच ताडीवाला रोडची वस्ती, आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला. रस्त्याला होडीचे नाव आहे त्या भागात लोक गॅलरीतून नदी बघतात. पूर आला की होडी लागते ती ताडीवाला रोडच्या गल्ल्यांत. संगमाजवळच्या पाटील इस्टेट वस्तीचे तेच. २०१८ च्या नोव्हेंबरात ती आगीत जळाली, आणि पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडले की घरातले सामान डोक्यावर घेऊन शाळेत जाऊन राहायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हापासून पुण्याच्या पुराच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. त्यांत वाडे आहेत, ग्रंथालये आहेत, हरवलेली हस्तलिखिते आहेत. वस्त्या कमी आहेत.

आणि आता नदीकाठ सुधार प्रकल्प. २०२२ साली पायाभरणी झाली. एकूण सुमारे चव्वेचाळीस किलोमीटर नदीपात्र. बंड गार्डनजवळच्या टप्प्यात दगडी पायऱ्या, चालायचे रस्ते, बाकडी तयार झाली आहेत. पात्र अरुंद होईल आणि पुराचे पाणी खालच्या वस्त्यांत शिरेल, हा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे, तो गंभीर आहे. आमचा त्यात एक जोड आक्षेप. असे काठ सजले की तिथे 'हेरिटेज' येते. भिंतीवर चित्रे येतात, फलक येतात, एखादी जुनी होडी रंग देऊन चौथऱ्यावर ठेवली जाते. त्या फलकावर काय लिहायचे हे कोण ठरवणार? पेशव्यांचा नौकाविहार आणि साहेबांचा क्लब आपोआप येईल, कारण त्यांची कागदपत्रे आहेत. घाटावरच्या नावाड्याचे कागद नाहीत. आणि काठावर आज राहणाऱ्यांना 'अतिक्रमण' म्हणून हलवले, की विचारायलाही कोणी उरणार नाही.

कागद नसतील तर माणसे आहेत. पुण्यातल्या भोई कुटुंबांत सत्तर-ऐंशी वर्षांची माणसे अजून हयात आहेत. त्यांनी वडिलांना नदीत जाळे टाकताना पाहिले आहे. ताडीवाला रोडला एकसष्टचा पूर पाहिलेल्या आज्या आहेत. दहा वर्षांनी यांतले फार थोडे असतील. आमच्या अभ्यासगटाने पाच प्रश्न काढले आहेत. होडी कोण बनवायचे? लाकूड कुठून यायचे? भाडे किती होते? कोणाला बसू देत आणि कोणाला वेगळे बसवत? शेवटची होडी कधी आणि का मोडली? चौथा प्रश्न विचारताना समोरचा गप्प होईल. त्या वेळी घाई करू नका. मोबाईलचा रेकॉर्डर चालू ठेवा, परवानगी घेऊन. नाव, गाव, तारीख वहीत लिहा. माणसाने नको म्हटले तर नाव लिहू नका, गोष्ट लिहा.

कॅफेतून निघताना आमच्या मालवणच्या मित्राने टेबलावर चढून त्या होडीच्या काठाखाली बोट फिरवले. मॅनेजर धावत आला. मित्राला हवे ते तेवढ्यात सापडले होते. वाकसाच्या घावांमध्ये, सहज दिसणार नाही अशा जागी, तीन आडव्या रेघा आणि एक टिंब कोरलेले. त्याच्या गावी प्रत्येक घराची अशी खूण असते म्हणे, होड्या एकत्र ओढून ठेवल्यावर ओळखता याव्यात म्हणून. आम्ही फोटो काढला आहे. दिवाळीत तो गावी जाणार आहे, तेव्हा किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना दाखवणार आहे.